ओटीत का पदरात

अंजनानं इस्लामपुरात एष्टीतनं उडी टाकली ती रागातच. कंडक्टरशी भांडान झालं व्हतं. तसं तिचं कुनाशी हुईत न्हाई ते सांगा.

आय मिरजेच्या दवाखान्यातनं बरी हून मलकापूरला आली व्हती. दहा म्हैन्यांमागं तिला क्षय झाला, तवा अंजनाचा तीन वर्साचा धाकटा भाऊ धुळा आत्तीकडं ठिवला व्हता. बाप न्हाई, अंजना साळा सोडून लोकाच्या रानात खुरपाय जायाची, पोराला बघनार कोन? आता त्याला घरी न्यायचं, बास.

आत्ती, म्हंजी बनुबाई, अंगनात त्याला न्हाऊ घालत व्हती.

"धुळ्या, चल रं. आय आलीया."

"धुळा न्हाई, अनंता म्हन," आत्ती साबन चोळत म्हनली. "चैतात बारसं केलं. गल्लीत पेढं वाटलं."

"कुनाला इचारून?"

"इचारायचं काय? तुज्या आयनंच ओटीत घातलाय आमच्या. दत्तक दिल्यालं लेकरू कुनी माघारी मागतं व्हय?"

आत्तीचा नवरा लालासाहेब पलटनीतनं पेन्शनीत आल्याला. त्यानं पेटीतनं पत्र काढलं आन कवायतीच्या आवाजात वाचलं, "वन्सं, धुळा तुमच्या ओटीत घातला. जीव लावा." खाली आयचा अंगठा.

अंजनाच्या मस्तकात सनक गेली. अक्षर तिचं सोताचंच व्हतं. पत्र सांगताना खाटंवर खोकत आय बोलली व्हती "पदरात घालते". पदरात म्हंजी संबाळायला. ओटीत म्हंजी कायमचं. पर आत्तीला लेकरू न्हाई, ओटी म्हनलं की तिला ग्वाड वाटंल, धुळ्याचं हाल न्हाई करनार, असा इचार करून हिनं आपल्या अकलंनं सबूद बदलला. मोठी शानी!

"आयनं न्हाई म्हनलं तसं. मी लिवलं. तिला वाचता येत न्हाई, तिनं अंगठा दिला."

"लिवलंय ते लिवलंय," लालासाहेब.

"मग मला मारा! पायतान घ्या! आयचं पोर का ठिवून घेताय?"

"गोवर निघाला तवा आट दिस मांडीवर घिऊन बसले," आत्ती वराडली. "तवा कुटं व्हती तुजी आय?"

"रगत वकत व्हती!"

अंजनानं तसंच साबनाचं पोर उचाललं. ते माशागत निसटाय लागलं. "आई! आई!" करून आत्तीकडं हात पसरलं आन अंजनाच्या दंडाला कडकडून चावलं. अंजनाला रडू आलं, त्याचा तर लयच राग आला. पर तिनं पोर सोडलं न्हाई. गल्लीतल्या नळापत्तुर गेली तरी ते वराडतच व्हतं.

मागनं पावलं वाजली. आत्ती. एका हातात सदरा, एका हातात लोकरीची टोपी.

"कानात वारं जाईल त्याच्या," आत्ती म्हनली. मान खाली. "आन दूद कोमट लागतं. गार दिलं की वकतो. तुज्या आयला सांग."

अंजनानं टोपी हिसकून घेतली, पोराच्या डोक्यात घातली. उलटी बसली. आत्तीनं पुढं हून नीट केली, तसं पोर गप झालं.

"तुमीच सांगा की!" अंजना खेकसली. "आयला अजून चूल फुकायची बंदी हाय, आन मी दिसभर रानात. म्हैनाभर यिऊन ऱ्हावा. धुळाच म्हनायचं पर! चला, एष्टी काय आपल्यासाटनं थांबत न्हाई."