झोर्नित्साची बारावी

झोर्नित्सा सात वर्षांची असताना शहरातल्या मूकबधिर शाळेच्या बाई घरी आल्या होत्या. "मुलीला आमच्याकडे पाठवा," म्हणाल्या. दोब्रिनने त्यांना हातातली कॉफीसुद्धा धड पिऊ दिली नाही. "माझी लेक हातवारे करत बसणार? ती बोलेल, चारचौघांसारखी ऐकणाऱ्या मुलांत शिकेल!" झालं, विषय संपला. शुद्ध गाढवपणा! पण तेव्हा त्याला ती माया वाटली होती.

आज तिच्या बारावीचा निरोप. अंगणात कोकरू भाजून तयार होतं, पेन्काआत्या दर दोन मिनिटांनी डोळे पुसत होती, झोर्नित्सा निळ्या झग्यात उभी होती. वर्गातली मुलं मोटारीतून दारात येतात, एक ते बारा आकडे गळा फाटेस्तोवर ओरडतात, दर इयत्तेचा एक, आणि मगच मुलगी घराबाहेर पडते. बल्गेरियात कुठल्याही गावात जा, हेच.

"कुणी येणार नाही, बाबा," ती सकाळीच अडखळत म्हणाली होती.

तिला काय ठाऊक, दोब्रिन आदल्या दिवशी वर्गातल्या रादोस्तिनच्या घरी जाऊन गयावया करून आला होता.

तिघं आली. बारापर्यंत ओरडली. आत्याने टाळ्या पिटल्या. मग त्या तिघांतली, फाटकाशी उभी असलेली व्यारा रादोस्तिनच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. अंगणात कुणालाच ते ऐकू आलं नाही. झोर्नित्साने ओठ वाचले. ते तिला बापानेच शिकवलं होतं, रोज तासभर आरशासमोर बसवून.

"तू त्यांच्या पाया पडलास?" तिने बापाला विचारलं.

"अगं, तसं नाही..."

"व्यारा म्हणाली, झालं एकदाचं, म्हाताऱ्याचं मन राखलं, चला."

"ती कारटी! तिच्याकडे कशाला लक्ष देतेस?"

"बारा वर्षं हेच वाचतेय मी, बाबा."

मुलं तिच्याविनाच निघून गेली.

"मला त्या मूकबधिरांच्या शाळेत ने," ती म्हणाली. "त्यांचाही आजच निरोप आहे."

पाऊण तासाचा रस्ता. गाडी चालवताना त्याचे ओठ तिला दिसत नसत, त्यामुळे गाडीत त्यांचं बोलणं कधी व्हायचंच नाही. आज त्याला ते बरं वाटलं. काय बोलणार होता?

शाळेच्या पटांगणात वीसेक मुलं गोल करून उभी होती. सगळ्यांचे हात वर, बोटांवर एक, दोन, तीन... बारा झाल्यावर नुसता दंगा. झोर्नित्सा खळखळून हसली. अशी ती घरी कधी हसली होती?

पिवळ्या झग्यातली एक मुलगी धावत आली. झोर्नित्साचा हात धरला, सोडला, आणि भराभर हातांनी काहीतरी सांगून उत्तराची वाट बघत राहिली.

झोर्नित्साने तिच्या ओठांकडे पाहिलं. ते मिटलेले होते. ती बापाकडे वळली.

"बाबा, ही काय म्हणतेय?"

"मला नाही गं कळत," दोब्रिन म्हणाला.