चादरीमागचे पाय

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. माझी एक पायरी तारेने बांधलेली आहे, बिजागरी कुरकुरते, आणि अंगावर इतके रंग सांडले आहेत की माझा मूळ रंग कोणता, हे आता मलाही सांगता येणार नाही. पण मला बिचारी म्हणू नका. बिचारेपणा मला कधीच जमला नाही.

ज्या सुताराने मला घडवलं, त्याने पायऱ्या ठोकून होताच स्वतः वर चढून उड्या मारल्या. "मोडायचं असेल तर आत्ताच मोड," असं तो मला म्हणाला. मी मोडले नाही. मग एक तरुण रंगारी आला, त्याने मला खांद्यावर टाकलं, आणि माझा संसार त्याच्याशी जुळला.

आम्ही दोघांनी पुष्कळ घरं रंगवली. दवाखाने रंगवले, एका शाळेचे सगळे वर्ग रंगवले. रंगारी फारसा बोलणारा नव्हता, काम मात्र चोख. लोकांच्या फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून तो माझ्या चारही पायांत मोजे चढवायचा. मोजे त्याच्या मुलीचे. शाळेचे मोजे तिला आखूड झाले की ते माझ्या वाट्याला यायचे. घरमालकिणी आधी माझ्याकडे बघून हसायच्या, आणि काम संपल्यावर फरशी बघून त्याचं कौतुक करायच्या. त्यातलं निम्मं कौतुक मी स्वतःकडे ठेवून घेत असे.

या मुलीला सगळे ठिपकी म्हणत. रांगायला लागल्यापासून तिच्या नाकावर कुठल्या ना कुठल्या रंगाचा ठिपका असायचाच. आई तिच्या लहानपणीच गेली, त्यामुळे घरात ती, तिचे बाबा आणि मी. माझ्या खालच्या पायरीवर बसून ती पाढे म्हणायला शिकली.

आता आमच्या भिंतीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. कुणी गिऱ्हाईक म्हणायचं, "पिवळा हवा, पण आजारी दिसणारा नको." मग बाबा तो रंग कालवून आधी घरातल्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर हातभर पट्टा मारायचे. सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, दिवा लावून बघायचे. ठिपकी त्याच्याखाली पेन्सिलीने लिहायची: 'जिन्याखालची अंधारी खोली', 'बाळ येणार आहे', 'सासूबाईंना दाखवणे'. गिऱ्हाइकाने होकार दिला की पुढे 'पसंत' असा शेरा. अशी ती भिंत वर्षानुवर्षं भरत गेली. गोधडीसारखी दिसायची, पण तिच्यात गावभरच्या खोल्या होत्या.

पुढे घरात चकचकीत ॲल्युमिनियमची शिडी आली. हलकी, एका हाताने उचलता येणारी. माझी रवानगी मागच्या दारी, पाण्याच्या टाकीशेजारी झाली. तिथे माझ्यावर ओले पोछे वाळत पडायचे. मला रडू आलं नाही, राग आला. राग असला की लाकूड टिकतं, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

ठिपकी मोठी झाली. घरं कशी बांधायची हे शिकवणाऱ्या एका कॉलेजात जायचं, असं तिने ठरवलं. लेखी परीक्षा ती पास झाली. आता उरली होती मुलाखत, तीही व्हिडिओ कॉलवर. तिच्यात उतरली तर जागा, नाहीतर काहीच नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात तिने अर्जच केला नव्हता. बाबा म्हणाले होते, "एखादा तरी करून ठेव." ती म्हणाली होती, "नको. मग मन तिकडे जातं."

मुलाखतीची तयारी करून घ्यायला आत्या आली. बाबांची ही धाकटी बहीण एका मोठ्या ऑफिसात दाराशी बसते, आणि कुणाला नोकरी मिळणार हे माणूस आत शिरतानाच ओळखते, असं तिचं म्हणणं आहे. आत्याने कंबर कसली. ती स्वयंपाकघरात बसून फोन लावायची आणि चष्मा नाकावर ओढून परीक्षक व्हायची. तिचा प्रश्न एकदा भिंतीतून ऐकू यायचा, मग पुन्हा फोनमधून. मागच्या दारी मला दोन्ही ऐकू यायचे.

"तुम्हाला मनापासून आवडलेली एखादी जागा सांगा," आत्या विचारायची.

त्याचं उत्तर आत्यानेच लिहून दिलं होतं. त्यात एक परदेशातलं संग्रहालय होतं, उंच खांब होते, काचेच्या छतातून झिरपणारा प्रकाश होता.

"आत्या, मी तिथे गेलेच नाहीये गं."

"मग काय झालं? ते तरी कुठे बघायला आले होते, तू गेलीस का नाही ते?"

ठिपकीने ते पाठ केलं. पोपटासारखं म्हणून दाखवलं. आत्या खूश झाली, आणि तेवढ्यात फोनमध्ये ठिपकीच्या मागे दिसणाऱ्या भिंतीवर तिची नजर गेली.

"ही मागे दिसून चालायचं नाही हं. त्यांना वाटेल पोरगी रंगाच्या दुकानात राहते."

"रंगाऱ्याच्या घरात राहते," ठिपकी म्हणाली.

"ते कशाला सांगत बसायचं?"

बाबा ब्रश धूत होते, ते तसेच धूत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि बहिणीकडे न बघता म्हणाले, "तिचं बरोबर आहे. दोन हात मारतो, भिंत स्वच्छ होऊन जाईल."

ठिपकी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "बाबा, हिला हात लावायचा नाही."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच."

"माझ्या भल्यासाठी डबा बंद करा."

शेवटी तडजोड झाली. आत्याने घरून कडक इस्त्रीची पांढरी चादर आणली. ती टांगायची कशाला? भिंतीत खिळा मारायला बाबांचा हात उचलेना. नवी शिडी एका गिऱ्हाइकाच्या घरी कामावर ठेवलेली. तेव्हा कुठे माझी आठवण झाली. बाबांनी मला आत आणलं, पुसलं, आणि हाताला सवय होती म्हणून माझ्या पायांत मोजे चढवले. पुढच्या दोन पायांत पांढरे, मागच्या दोन पायांत निळे. मग माझ्यावरून चादर सोडली. खरं सांगते, फार लागलं मला ते. लोकांच्या भिंती उजळायला मी चालले, आणि आपल्याच घरात तोंड झाकून उभी राहिले.

मुलाखतीच्या सकाळी आत्याने शेवटची पाहणी केली. "तोंड केवढं मोठं दिसतंय. फोन जरा लांब ठेव." फोन रंगाच्या डब्याला टेकवून लांब ठेवला गेला. आत्या आणि बाबा स्वयंपाकघरात गेले, कारण उमेदवाराच्या खोलीत दुसरं कुणी असायचं नाही असा कॉलेजचा नियम होता.

पडद्यावर तिघं होती. एक बाई, एक दाढीवाले सर आणि एक वयस्क सर. ठिपकी न अडखळता बोलत होती. नाव, शाळा, ध्येय. मग तो प्रश्न आला, आवडलेल्या जागेचा. तिने संग्रहालय सुरू केलं. खांब झाले, छत झालं, प्रकाश झिरपायला लागला, आणि बाईंनी हात वर केला.

"एक मिनिट. तुमच्या मागे कोण उभं आहे?"

"कुणी नाही, मॅडम."

"चादरीखाली पाय दिसताहेत. पांढरे मोजे घातलेत."

दाढीवाले सर पुढे वाकले. "उत्तरंही कुणीतरी सांगितल्यासारखीच वाटताहेत. नियम माहीत आहे ना? आम्हाला मुलाखत इथेच थांबवावी लागेल."

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्या गोठल्या. जन्मभर ज्या मोज्यांनी लोकांच्या फरश्या सांभाळल्या, ते आता पोरीचं वर्ष बुडवायला निघाले होते. स्वयंपाकघराच्या दारात आत्या दोन्ही हात हलवून खुणा करत होती. चादरीचा खालचा कोपरा उचल, तेवढं पुरे, भिंत दाखवू नकोस, असं तिचं चाललं होतं.

ठिपकीने तिच्याकडे बघितलं. मग उठून चादर धरली आणि एका झटक्यात पूर्ण खाली ओढली.

"ही आमची शिडी आहे," ती म्हणाली. "मोजे माझे आहेत. दुसऱ्यांच्या फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून बाबा तिला घालतात. माझे बाबा रंगारी आहेत, आणि ही त्यांची नमुन्यांची भिंत. ती दिसू नये म्हणून चादर लावली होती. तुम्ही म्हणता ते खरं आहे, उत्तरं मी पाठ केली होती. त्या संग्रहालयात मी कधी गेलेली नाही. आता मला तोच प्रश्न पुन्हा विचारा."

तिची मान ताठ होती. पडद्यावरच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग वयस्क सर म्हणाले, "विचारला असं समजा."

ठिपकी भिंतीजवळ गेली आणि ओळीने मारलेल्या निळ्या पट्ट्यांवर तिने बोट ठेवलं. "एका आजोबांच्या घराची एक भिंत ओल येऊन खराब झाली. आजी होत्या तेव्हापासून ती खोली निळी होती. त्यांना तोच निळा हवा होता. बाबांनी किती वेळा कालवला, आजोबा नाहीच म्हणायचे. मग मी त्या खोलीत दुपारभर बसून राहिले. बाकीच्या तीन भिंती उन्हाने विटल्या होत्या. आजोबांना निळा नको होता, विटलेला निळा हवा होता. आम्ही त्यात थोडा मातकट रंग घातला. हा बघा शेवटचा. पसंत. मला आवडलेली जागा ती."

"म्हणजे नवी भिंत तुम्ही जुनी दिसेल अशी रंगवलीत," वयस्क सर म्हणाले. "आमच्याकडे येऊ बघणाऱ्या मुलीला हे पटतं?"

"राहायचं त्यांना होतं, सर. मला नाही."

"आणि ओल? ती भिंतीत कुठून आली होती?"

"ते नाही कळलं. तेच शिकायला यायचंय."

फोन बंद झाल्यावर आत्या बाहेर आली, चादर उचलून तिची घडी घातली आणि एवढंच म्हणाली, "केलेल्या मेहनतीवर पाणी." पण त्या संध्याकाळी बाबांनी मला मागच्या दारी नेलं नाही. मोज्यांसकट तिथेच, भिंतीजवळ राहू दिलं.

निकाल येईपर्यंत घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. आला तेव्हा ठिपकीने तो मोठ्याने वाचला. जागा मिळाली होती. बाबा खाली बसले आणि त्यांनी डोळे पुसले, रंगाच्या फडक्याने, त्यामुळे कपाळ हिरवं झालं. आत्याने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की शिडी मध्ये ठेवायची कल्पना मुळात तिचीच.

जाण्याच्या आदल्या दिवशी ठिपकीने एक रंग कालवला. भिंतीवर जागा उरली होती ती अगदी वर, छताजवळ. चकचकीत शिडी दारातच उभी होती. ठिपकी माझ्यावर चढली. तारेच्या पायरीवर तिचा पाय पडला तेव्हा मी करकरले, पण सुतारासमोर मोडले नव्हते, तशी आताही मोडले नाही. तिने गडद केशरी पट्टा मारला.

"कुणाचा नमुना?" बाबांनी विचारलं.

"माझ्या होस्टेलच्या खोलीचा. लावू देणार नाहीत म्हणे. बघते मी."

ती उतरली. मग बाबा चढले. त्यांचं अक्षर तिच्याइतकं चांगलं नाही, म्हणून आजवर भिंतीवर त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि त्या पट्ट्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पसंत'.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी माझ्यासारखं असेल, डाग पडलेलं, कुरकुरणारं. पाहुणे आले की त्याच्यावर चादर टाकू नका. आत्याची चादर आत्याने परत नेली. मी इथे आहे, पुढच्या खोलीत, सगळ्यांच्या समोर, पायांत मोजे घालून.