चेंडू विल्किनकडेच राहिला

नीकानोर पेगेरो कठडा धरून बेसबॉलच्या मैदानावर चढला आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या दिशेने चालू लागला, तसे सान पेद्रोचे प्रेक्षक ओरडले, "काढ त्याला, म्हाताऱ्या! आणि जरा पाय उचल!"

पाय उचलत नव्हते. अठरा वर्षं कॅचर म्हणून फलंदाजामागे उकिडवं बसल्यावर गुडघ्यांत फारसं काही उरलं नव्हतं. आता तो सान पेद्रोच्याच संघाचा मॅनेजर होता. शेवटची इनिंग, संघ एका धावेने पुढे, पण समोरच्यांचे दोन धावक बेसवर. पिचर विल्किन घामाने निथळत होता. त्याला बदलायचं म्हणून नीकानोरने चेंडू मागायला हात पुढे केला.

त्या हातावर ओसिरिसने, त्याच्या तरण्या कॅचरने, आपला जाड ग्लव्ह ठेवला.

"राहू द्या त्याला, उस्ताद."

"मॅनेजर तू की मी?"

"तुम्हीच. पण चेंडू माझ्या हातात येतोय. अजून दम आहे त्यात."

नीकानोर त्याच्याकडे बघत राहिला. याच वयात तोही असं बोलला होता, एकदाच. "तुझं काम चेंडू पकडायचं," तेव्हाचा मॅनेजर खेकसला होता. त्यानंतर नीकानोरने कधी तोंड उघडलं नाही.

त्याने हात मागे घेतला आणि लंगडत परतला.

"गुडघ्यांबरोबर डोकंही गेलं रे याचं!" प्रेक्षकांतून आरोळी आली.

विल्किनने चेंडू चांगला टाकला. फलंदाजाने तो त्याहून चांगला टोलवला. समोरच्यांच्या दोन धावा झाल्या, आणि सान पेद्रोच्या पाळीत एकही निघाली नाही; सामना हातचा गेला. अंतिम मालिका बरोबरीत आली. आता सगळं उद्यावर.

कपडे बदलायच्या खोलीत संघाचे मालक फेर्मिन तणतणत आले.

"विल्किनला ठेवायचं कुणाच्या डोक्यातून आलं?"

ओसिरिस उठला.

"माझ्या," नीकानोर म्हणाला. "तू बस रे."

"उद्या हरलास, तर दुसरीकडे काम बघ."

दार आपटलं.

"मी सांगणार होतो त्यांना," ओसिरिस पुटपुटला.

"म्हणून तर बस म्हटलं. खरंच दम होता?"

"होता. उद्याही हेच सांगेन."

नीकानोरने बाकावर सरकून जागा केली.

"ये इकडे. उद्या चेंडू टाकायला सुरुवात कुणी करायची?"

ओसिरिसने मागे वळून पाहिलं. आपल्यालाच विचारलंय, हे कळल्यावर तो बसला आणि बोलू लागला. नीकानोर ऐकत होता. दाराशी ताटकळलेल्या पत्रकारांना मात्र, हरलेला माणूस हसतोय कशाला, ते कळेना.