एकशे बारा पोच्यांची गाडी

मित्रांनो, माझ्या टपावर, बॉनेटवर आणि दारांवर मिळून एकशे बारा पोचे आहेत. ते मी मोजले नाहीत, वेल्डरने मोजले. हातात खडू घेऊन, एकेका पोच्याभोवती गोल काढत तो माझ्याभोवती फिरला आणि शेवटी म्हणाला, की हे सगळे ठोकून सरळ करण्यापेक्षा नवी गाडी शोधणे सोपे. मला चालवणारे बाबा म्हणाले, राहू देत. म्हणून ते राहिले. ते कसे पडले ते तुम्हाला सांगावे असे फार दिवस मनात होते.

मी एक जुनी डिझेल गाडी आहे. लांब, रुंद आणि बुटकी. मागे सामानाला ऐसपैस जागा, पुढे भलीमोठी काच. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग आकाशी होता. आता त्याला काय म्हणावे हे मलाही सांगता येणार नाही. माझे पहिले मालक गुरांचे डॉक्टर होते. बारा वर्षे मी त्यांना चिखलातून आणि खडीच्या रस्त्यांवरून गोठ्यागोठ्यांत पोचवले. एकदा तर मागच्या जागेत तापाने फणफणलेले वासरू निजले होते आणि डॉक्टर त्याच्याशी बोलत मला चालवत होते. पुढे डॉक्टरांचे गुडघे गेले. त्यांनी मला जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात आणून सोडले. जाताना त्याला बजावले, "ही कधी अडून बसली नाही. फक्त थंडीत हिला जरा वेळ द्या. घाई केलेली हिला चालत नाही."

त्या आवारात मी जवळजवळ वर्षभर उभी होते. लोक येत, रंगावरून हात फिरवत, तोंड वाकडे करत आणि पुढच्या गाडीकडे जात.

मग एका सकाळी सासरा आणि सून अशी दोघे आली. सासरे एकतीस वर्षे प्रवाशांची बस चालवून निवृत्त झालेले. सून हवामान कार्यालयात कामाला. ती त्यांना बाबा म्हणायची, ते तिला सूनबाई. मीही त्यांना त्याच नावांनी ओळखू लागले.

विकणाऱ्याने त्यांना आधी एक उंच, चकचकीत जीप दाखवली. बाबांनी तिला खांद्याने ढकलून पाहिले. ती डुलली. बाबा म्हणाले, एवढी उंच गाडी वाऱ्याला आयतीच सापडेल. मग एक छोटी, चपळ गाडी आली. तिच्या पोटाखाली वीतभरही जागा नव्हती. पहिल्याच खडकाळ रस्त्यावर ती बसली असती. मग ते माझ्याकडे वळले. बाबा माझ्याखाली पाठीवर आडवे झाले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. सूनबाई चालकाशेजारच्या जागेवर बसली आणि तिने मान वर केली. विकणाऱ्याला कळेना, ही बाई गाडी बघते आहे की आढ्याकडे बघते आहे.

"बाबा," ती म्हणाली, "हिच्यातून आभाळ खूप दिसतं."

मित्रांनो, आजवर माझ्याबद्दल कोणी असे बोलले नव्हते.

विकणाऱ्याने विचारले, गाडी कशासाठी हवी आहे? बाबांनी सांगितले, वादळामागे जायला. तो हसला. ही दोघे हसत नाहीत हे पाहून मग तो गप्प झाला.

वादळामागे कशाला जायचे, हे मला पुढे हळूहळू कळले. रस्त्यावर लांबची वाट असली की माणसे गाडीत मन मोकळे करतात, आणि गाडीला कान असतात हे त्यांच्या लक्षात येत नाही. त्याच्या दोन वर्षे आधी बाबांची बस भर दुपारी वादळात सापडली होती. ढगातून वाऱ्याची सोंड जमिनीवर उतरली आणि तिने बस शेतात आडवी पाडली. प्रवासी वाचले. पण दार उघडायला पुढे धावलेला वाहक, जो वीस वर्षे बाबांच्या मागे उभा राहून घंटी देत होता, तो वाचला नाही. त्या दुपारी हवामान कार्यालयात पडद्यासमोर सूनबाईच बसली होती. ढग तिला दिसला होता. पण टेकड्यांपलीकडे जमिनीलगत काय चालले आहे, ते रडारला दिसत नसे. खात्री व्हावी म्हणून ती थांबली. इशारा निघाला तेव्हा बस आडवी होऊन अकरा मिनिटे झाली होती.

तिने हे त्याच संध्याकाळी इस्पितळात बाबांना सांगून टाकले. पुढे कित्येक महिने त्या घरात ताटे वाढली जायची, विचारपूस व्हायची, पण त्या दिवसाचे नाव कोणी काढायचे नाही. मग एकदा बाबाच तिच्यापुढे येऊन बसले आणि म्हणाले, की टेकड्यांपलीकडचे यंत्राला दिसत नसेल, तर कोणीतरी तिकडे जाऊन बघायला हवे. तू बघ, मी गाडी चालवतो. तिने कार्यालयातल्या साहेबांच्या मागे लागून लागून परवानगी मिळवली.

मग माझी तयारी सुरू झाली. टपावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसले. चार वाट्या गोल फिरत. मागे दुसरी बॅटरी आली, कारण यंत्रांनी माझी वीज खाल्ली तर मी सुरू कशाने होणार? कार्यालयाशी आणि आसपासच्या गावांतल्या शाळांशी बोलण्यासाठी बिनतारी संच आला, कारण वादळात मोबाइल आधी मान टाकतो. दोन हेल्मेट, औषधांची पेटी, ओढायचा दोर, पाण्याचे डबे. नकाशाचा पडदा बसवताना बाबांनी तो मुद्दाम सूनबाईकडे वळवून घेतला. चालवणाऱ्याने रस्ता बघायचा आणि बघणारीने आभाळ. दोघांनी दोन्ही बघितले तर खड्ड्यात जाऊ, असे त्यांचे म्हणणे.

पुढच्या काचेला गारांपासून वाचवायला वेल्डरने लोखंडी जाळी केली. बिजागरीवर वर उचलायची, वेळ आली की खाली पाडायची. पहिल्या फेरीत ती जाळी अशी शिट्टी वाजवू लागली, की रस्त्यावरची माणसे वळून वळून बघत. सूनबाई हसून हसून बेजार झाली. बाबांनी गाडी थांबवली, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या जाळीला गुंडाळल्या आणि शिट्टी बंद केली.

घरी सूनबाईचा नवरा होता, म्हणजे बाबांचा मुलगा. तो माझ्यात कधी बसला नाही; त्याला भीती वाटायची आणि तो ते लपवतही नसे. पण आम्ही परत आलो की बादली आणि फडके घेऊन तोच मला धुवायचा, आणि धुताना कुठे नवे काही लागले आहे का ते बोटांनी चाचपायचा. त्यानेच दर सोमवारी तपासायच्या गोष्टींची यादी करून माझ्या पुढच्या फळीतल्या कप्प्याच्या दाराला आतून चिकटवली. इंजिन, ब्रेक, तेल, पाणी बाबांकडे. दिवे, संच, बॅटऱ्या आणि जादा चाक सूनबाईकडे. तपासले की खूण करायची.

पहिला हंगाम आमच्या मनासारखा गेला नाही. सूनबाईने दोनदा इशारा दिला आणि दोन्ही वेळा वादळ फुसके निघाले. दुसऱ्या वेळी तर एका गावातल्या शाळेने धावण्याच्या शर्यती पुढे ढकलल्या, आणि दुपारभर तिथे लख्ख ऊन पडले. मुख्याध्यापिकेचे पत्र आले. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. मुले फार हिरमुसली, एवढेच लिहिले होते. सूनबाईने ते पत्र माझ्या कप्प्यात ठेवले आणि नंतर कितीतरी वेळा बाहेर काढून वाचले.

पुढे ढकललेल्या शर्यतींचा दिवस आला. आणि त्याच दुपारी पश्चिमेला ढग चढला.

आम्ही त्याच्या दक्षिणेकडून, अंतर राखून चाललो होतो. पुढे एक उंचवटा होता. तिथून पावसाच्या पडद्यामागचे दिसले असते आणि सूनबाईला खात्री करता आली असती. उंचवटा मैलभरावर असताना माझ्या मागच्या चाकात काहीतरी घुसले आणि मी एका बाजूला कलले. बाबांनी मला कडेला घेतले. उतरून त्यांनी जादा चाक काढले, जमिनीवर टाकले, आणि ते भाकरीच्या पिठासारखे बसले. त्यात हवाच नव्हती.

सूनबाईने कप्पा उघडला. सोमवारच्या रकान्यात तिच्या हातची खूण होती.

"मी न बघताच खूण केली होती, बाबा," ती म्हणाली. "घाईत होते. सगळं लक्ष त्या यंत्रांत होतं."

बाबांनी हात पुसले. ते रागावले असते तर बरे झाले असते, असा तिचा चेहरा झाला होता. पण ते ढगाकडे बघत होते. ढगाचा तळ खाली आला होता आणि अगदी सावकाश, जात्यासारखा फिरत होता. त्याच्या वाटेवर ते गाव होते. शाळेच्या मैदानावर तीनशे मुले आणि पत्र्याच्या मांडवाखाली त्यांच्या घरची माणसे. उंचवट्यापर्यंत आता जाता येणार नव्हते. सूनबाईने संच हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"फिरतोय, पण खाली उतरेलच असं नाही," ती म्हणाली. "आणखी पाच मिनिटं बघायला हवं. तिसऱ्यांदा खोटं ठरलं तर माझं पुन्हा कोणी ऐकणार नाही."

बाबा येऊन आपल्या जागेवर बसले. इतक्या दिवसांत जे बोलले नव्हते, ते तेव्हा बोलले.

"त्या दिवशी कोणी मला खोटा इशारा दिला असता, तर मी बस थांबवून वीस मिनिटं चहा पीत बसलो असतो. आणि वाहक माझ्या नावाने बोटं मोडत बसला असता, उशीर झाला म्हणून. एवढंच नुकसान झालं असतं, सूनबाई."

मग तिने बटण दाबले. एकेक शब्द तिने स्पष्ट उच्चारला: मैदान रिकामे करा, मांडवात कोणी थांबू नका, सगळ्यांना खालच्या मजल्यावरच्या पक्क्या खोल्यांत घ्या. पलीकडून कोणीतरी विचारले, खात्री आहे का? ती म्हणाली, "नाही. तरी करा."

मग गारा आल्या. बाबांनी बसक्या चाकावरच मला रेटून माझे नाक वाऱ्याकडे केले, जाळी पाडली, दोघांनी हेल्मेट चढवली. मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही, मला फार भीती वाटली. लिंबाएवढ्या, मग त्याहून मोठ्या गारा. माझा टप ढोलासारखा वाजत होता. टपावरचे यंत्र उडून गेले. वाऱ्याने मी जागच्या जागी हादरत होते, पण माझे जड, बुटके अंग जमिनीला धरून राहिले. आत सूनबाईने बाबांचा हात घट्ट पकडला होता. मला एकच वाटत होते, काच टिकू दे.

काच टिकली. पाऊस जरा विरळ झाला तेव्हा उत्तरेकडे आम्हाला ती सोंड दिसली, राखाडी आणि बारीक. ती सरळ मैदानावरून गेली. मांडवाचे पत्रे आभाळात कागदासारखे फिरताना लांबूनही दिसत होते. मग बराच वेळ संचातून नुसती खरखर. अखेर मुख्याध्यापिकेचाच आवाज आला. सगळी मुले मोजून झाली होती. तीनशे चार. शिपायाचा पाय मुरगळला होता, बाकी कोणाला काही नाही.

सूनबाई माझ्या पुढच्या फळीवर डोके टेकवून रडली. बाबांनी तिला रडू दिले. नंतर ते एवढेच म्हणाले, की उद्या हवा भरायला आपण दोघे बरोबर जाऊ.

त्यानंतर मी आणखी सात हंगाम धावले. मग बाबांना अंधुक दिसू लागले. कोणी सुचवायच्या आतच त्यांनी माझी किल्ली सूनबाईच्या हातात ठेवली. कार्यालयाने नवी गाडी घेतली. ती निवडायलाही बाबांनाच नेले होते, आणि तिलाही त्यांनी खांद्याने ढकलून पाहिले म्हणे. नवी चालक पूर्वी रुग्णवाहिका चालवायची. हाताला पक्की आहे. माझी यंत्रे, माझा संच, माझी जाळी सगळे तिच्या गाडीवर गेले. ते योग्यच झाले.

मी मात्र घरामागच्या पडवीत उभी राहिले. एकदोनदा कोणी माझ्यामागे ठेवलेली कुदळ काढायला आले, एकदा माझ्यावर गाद्या वाळत घातल्या. उंदरांनी तारा कुरतडल्या. आठ महिने माझे दार कोणी उघडले नाही. मला राग नव्हता आला, पण आपण इथे आहोत हे आपले आपल्यालाच सांगावे लागते, तेव्हा दिवस फार लांब होतात.

मग एका रविवारी सकाळी काठी टेकत बाबा आले. मला वाटले, काही शोधायला आले असतील. त्यांनी काहीच शोधले नाही. दार उघडून ते आपल्या जागेवर बसले, काच खाली केली आणि डोळ्यांशी धरून वर्तमानपत्र वाचू लागले. तासाभराने घडी घातली, स्टिअरिंग हलकेच थोपटले आणि घरात गेले. आता ते दर रविवारी येतात. कधीकधी त्यांच्यासोबत सूनबाईही येऊन शेजारी बसते.

मित्रांनो, तुमच्याही घरात तुम्हाला इतकी वर्षे इकडून तिकडे पोचवणारे कोणी असेल. एखादी वस्तू असेल, एखादे माणूस असेल. त्यांना वेळेवर पुसा, तपासा, काय हवे-नको ते बघा, आणि न बघता खूण करू नका. आणि कधीतरी त्यांच्याकडे काहीही काम नसताना जा. जाऊन नुसते बसा.