अगदी त्योच

दुधाची चरवी गुडघ्यांत धरण्याआधी पिराजीनं फोन कट्ट्याच्या दगडावर उभा केला, आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला आणि गाणं लावलं. मग म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून तो धार काढायला बसला. नजर मात्र कासेवर नव्हती. भोवती पेले घेऊन उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकांच्या तोंडांवर होती.

कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येतात, डोळ्यांदेखत धार निघते आणि लोक फेसाळ दूध तिथल्या तिथं पितात. पिता पिता जगातल्या यच्चयावत गोष्टींवर मत देतात. आमदार, तांबडा रस्सा, कालच्या कुस्तीचा निकाल, कुणाचा जावई. कुणाचीच गय करत नाहीत. तोंडावर बोलायचं आणि मोठ्यानं बोलायचं, ही इथली रीत. पण गेले काही दिवस पिराजीनं हे गाणं लावलं, की ह्याच माणसांना गोड बोलायचा रोग जडत होता.

गाणं राजनंदिनीचं होतं. तिच्या गाण्याशिवाय हल्ली वरात हलत नाही. 'जोडीनं' नावाचा तिचा नवा अल्बम आला होता आणि त्यातलं प्रत्येक गाणं तिनं एकेका वेगळ्या गायकाबरोबर म्हटलं होतं. बाकीचे सगळे नावाजलेले. एक तेवढा कोल्हापूरच्या ऑर्केस्ट्रात गाणारा सम्राट, पिराजीचा मुलगा. तो मुंबईला जाऊन गाणं रेकॉर्ड करून आला, आणि थोड्याच दिवसांनी एका कार्यक्रमाहून परतताना कागलजवळ त्यांची गाडी उलटली. अल्बम बाहेर पडला तेव्हा त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

गाणं संपलं. पिराजीनं मान वर केली.

"कसं वाटलं?"

"नाद खुळा!" म्हातारे पैलवान हंबीरराव म्हणाले. रोज पहिला पेला त्यांचा असे. "अगदी त्योच की रं. डोळं मिटलं की पोरगं हितं बसून धार काढतंय असं वाटतंय."

"व्हय व्हय. अगदी त्योच," बाकीच्यांनी री ओढली.

पिराजीनं मान हलवली आणि पेले भरून दिले. सगळ्यांना तो सम्राट वाटत होता, आणि बापाला वाटत नव्हता.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? गाणं आलं त्या दिवशी मुलीनं, क्रांतीनं, ते घरात लावलं. पहिल्याच ओळीला त्याच्या बायकोनं, आक्कानं, तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "आलं माझं लेकरू." क्रांती हमसून हमसून रडली. पिराजी मात्र फोनकडे नुसता बघत राहिला. आवाज चांगला होता, गोल होता, आणि परक्याचा होता. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ओळख पटेल असं त्याला वाटलं. पटली नाही. मग तो भ्याला. वर्षभरात पोराचा आवाज विसरणारा बाप असतो का कुठं? रात्रंदिवस त्याच्या मनात तेच घोळू लागलं, की आज आवाज गेला, उद्या चेहरा जाईल.

म्हणून तो कट्ट्यावर गाणं लावायचा आणि माणूस न् माणूस विचारायचा. कुणाच्या तरी बोलण्यातून आपल्याला तो परत सापडेल अशी त्याची वेडी आशा होती. फोनवर गाण्याखाली लोक काय लिहितात तेही क्रांतीकडून वाचून घ्यायचा. तिथं सगळं कौतुक राजनंदिनीचं. हे गाणं बरं, ते गाणं रटाळ, फोटोतली साडी छान. 'नव्या गायकाचा आवाज स्वच्छ आहे,' असं एकानं लिहिलं होतं. क्रांतीनं ते दोनदा वाचून दाखवलं. पिराजीच्या हाताला त्यातूनही काही लागलं नाही.

आणि ही म्हैस. सम्राट गुणगुणायला लागला की कान मागं वळवून पान्हा सोडायची. फोनवरच्या गाण्यानं तिचा कान हलत नव्हता. मुक्या जनावराला फोनमधलं काय कळतंय, अशी पिराजी स्वतःची समजूत घालायचा.

त्यानं गाणं पुन्हा लावलं. तेवढ्यात खांद्याला पिशवी लावलेला एक उंच माणूस पेला मागत पुढं आला. ह्याला कट्ट्यावर कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"पावणं कुठलं म्हणायचं?" पिराजीनं विचारलं.

"हातकणंगल्याचं. दवाखान्यात आलतो, भाऊ हाय ॲडमिट." त्यानं पेला तोंडाला लावला आणि गाणं संपेतो कान देऊन ऐकलं.

"गाणं कसं वाटलं, पावणं?"

हंबीरराव खाकरले. मागून कुणीतरी पाहुण्याच्या पाठीला बोट लावलं. पाहुण्याचं लक्ष नव्हतं.

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"बाई झकास गाती. पर गडी..." पाहुण्यानं मिशीवरचा फेस पुसला. "गडी गातोय का कुणी मशीन लावलंय तेच कळंना. एवढी लांबलचक ओळ म्हणतोय आनि मधी कुठं दम घेत न्हाय. आमच्या भजनात असं कोण गायलं तर पयली त्येची नाडी बघू आमी!"

दूध पिणारे पेल्यात बघू लागले.

"ए पावणं," हंबीरराव गुरकावले, "गप दूध प्या आनि चालू पडा."

"थांबा." पिराजी उठून उभा राहिला. "काय म्हणालासा? दम घेत न्हाय?"

"न्हाय की. ऐका की परत." पाहुणा गोंधळून सगळ्यांकडे पाहू लागला. "माजं काय चुकलं काय?"

पिराजीनं गाणं परत लावलं नाही. त्याची गरजच उरली नव्हती. सम्राट गाणं शिकला तोच ह्या दगडावर, उकिडवं बसून, गुडघ्यांत चरवी धरून, छाती दाबलेली. त्यामुळं ओळीच्या मधेच त्याचा दम संपायचा. हे गाणं त्यानं रेकॉर्डिंगच्या आधी महिनाभर इथंच घोकलं होतं. 'पाणंदीच्या वळणावरी वाट तुझी पाहतो.' त्यात 'वळणा' म्हटलं की थांबून हुंकारासारखा श्वास घ्यायचा आणि मग 'वरी'. शब्दाचे सरळ दोन तुकडे. गाण्याच्या मास्तरांनी डोकं आपटलं, तरी ते सुटलं नाही. "म्हशीखाली शिकलोय, आबा," सम्राट हसून म्हणायचा, "हे आता मेल्यावरच सुटंल."

तसंच झालं होतं. मुंबईत कुणीतरी तो श्वास चूक म्हणून पुसून टाकला होता.

पिराजी हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले. तो विसरला नव्हता. त्याच्या कानांत पोरगा जसाच्या तसा होता, म्हणूनच तर ह्या गाण्यात सापडत नव्हता.

"तुमचं कायबी चुकलं न्हाय," तो पाहुण्याला म्हणाला आणि त्याच्या हातातला पेला पुन्हा काठोकाठ भरला. "घ्या. भावाला बरं वाटूदे तुमच्या."

मग तो पुन्हा बसला. म्हशीच्या पोटात तोंड खुपसून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यानं म्हटलं, "पाणंदीच्या वळणा..." श्वास घेतला, "...वरी." आवाज चिरका होता, सूर कुठल्या कुठं होता. म्हशीनं कान मागं वळवला.

घरी जाताना त्यानं मनाशी ठरवलं, आक्काला सगळं सांगायचं. आपलं पोर त्यांनी धुऊन पुसून परकं केलंय, हे तिला कळायला हवं.

आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर तेच गाणं चालू होतं. रोज ह्या वेळेला ती ते लावायची.

"आज कोण काय म्हणालं?" तिनं मागं न बघता विचारलं.

पिराजी दारातच उभा राहिला. तिच्या पाठीकडे बघितलं आणि ओठांवर आलेले शब्द त्यानं गिळले. तिचं लेकरू रोज संध्याकाळी घरी येत होतं. ते हिसकावून घेणारे आपण कोण?

"हातकणंगल्याचं एक पावणं आलतं," तो म्हणाला. "वळख न्हाय, पाळख न्हाय. म्हणालं, समोर बसून जित्ता माणूस गातोय असं वाटतंय. अगदी त्योच."

"मग! म्या पयल्याच दिवशी सांगितलंतं."

गाणं त्या ओळीवर आलं. फोनमधला आवाज कुठं न अडखळता सरळ पुढं गेला, पाणंदीच्या वळणावरी. त्याच्या मधोमध आक्काचा हात भाकरीवर थांबला, खांदे किंचित वर झाले आणि तिनं श्वास घेतला. हुंकारासारखा, नेमका तिथंच. मग हात पुन्हा चालू लागला.

एवढ्या दिवसांत हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

पिराजीनं चरवी आवाज न करता खाली ठेवली आणि तो तिच्याशेजारी जाऊन बसला. कडवं संपून ती ओळ पुन्हा आली, तेव्हा श्वास दोघांनी घेतला.