सरकारी पातेल्यातली पळी

मी एक जुनी पळी आहे. लांब दांड्याची, खोलगट, पोटाशी जराशी चेपलेली. मित्रांनो, कारखान्यात मला ठोकून घडवलं तेव्हा वाटलं होतं, एखाद्या बड्या हॉटेलात मिरवेन. नशिबी आलं सरकारी भोजनगृहाचं पातेलं! पण खरं सांगते, माझ्याइतकी सुखी पळी शोधून सापडायची नाही. इथे दुपारी कुणीही यावं, गरम सूप आणि पाव घ्यावा. 'तू कोण, का आलास' असं कुणाला विचारायचं नाही, हा आमच्या स्वयंपाकीण मावशींचा नियम.

समोरच्या घरात एक म्हातारे घड्याळजी राहत. दुकान बंद करून घरी बसलेले. गल्लीतली मुलं त्यांना तक्रारकाका म्हणत. ते खिडकीतून रोज गरजत, "आमच्या करावर ही फुकट्यांची चंगळ! अशानं माणसं ऐदी होतात." ऐकून माझा दांडा संतापाने हलायचा. तसा तो एरवीही हलायचाच, कारण त्याचा खिळा सैल झाला होता आणि सरकारी वस्तूकडे बघतो कोण!

एक दिवस जाहीर झालं, भोजनगृह ठेवायचं की बंद करायचं, हे वस्तीच्या सभेत हात वर करून ठरणार. मावशींच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यात तक्रारकाका तावातावाने आत शिरले. व्यवस्थापकांना खडसवायला म्हणून पुढे घुसले, ते नेमके जेवणाच्या रांगेत. मावशींनी नियमाप्रमाणे काही न विचारता त्यांच्या हाती वाडगा दिला आणि मी तो काठोकाठ भरला.

"अहो, मी जेवायला नाही आलो! मी कर भरतो, कर!"

"मग तुमचंच आहे की," मावशी म्हणाल्या. "बसा निवांत. गार होईल."

वाडग्याचे चटके बसत होते, तो टेकवायला काकांना बसावंच लागलं. शेजारी कोण? ज्यांच्या बसने ते जन्मभर दुकानात गेले, ते निवृत्त चालक. "या घड्याळजी! तुमच्यासाठी गाडी कितीदा थांबवली, आठवतंय का?" काका चक्क हसले. बायको गेल्यापासून ते एकटेच जेवतात, हे त्या गप्पांत आम्हाला कळलं. वाडगा चाटूनपुसून रिकामा झाला.

सभा भोजनगृहातच भरली. तिथे विरोधकांनी बोलायला काकांनाच पुढे केलं. मी खुंटीवर, आणि जीव टांगणीला!

काका उठले. "सूपमध्ये मीठ कमी असतं, ही माझी तक्रार कायम आहे. पण ज्यांना मी फुकटे म्हणून नावं ठेवली, त्यांनी माझी बस कधी चुकू दिली नव्हती. पातेलं बंद करायचं नाही!"

हशा पिकला आणि इतके हात वर गेले की मोजायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही. मावशी हसता हसता डोळे पुसत होत्या. दुसऱ्याच दिवशी काका आपली हत्यारं घेऊन आले आणि माझा खिळा पक्का करून गेले. जाताना जेवूनही गेले.

मित्रांनो, 'सरकारी' म्हणजे कुणाचंच नाही, असं समजून मला आपटू नका. सगळ्यांनी थोडं थोडं घातलेलं ते सगळ्यांचं असतं, त्याला जपा. मीठ कमी वाटलं तर खुशाल तक्रार करा. फक्त आधी चाखून बघा.