रोज ठीक असलेले ल्याव आजोबा

“चांद्र नववर्षाच्या सुट्टीत तिला शिकायला बसवू नकोस,” ऑफिसातला हुआंगदादा म्हणाला होता. “म्हातारी माणसं लेकरांकडे जेवायला गेलेली असतात. तिला वाटेल, जग असंच रिकामं असतं.”

“दादा, फायरवॉल आहे ती, नवी सून नाही,” म्हणत पेइ-जुंगने ती चालू केली. घरी बाळ तापलं होतं. तिला काम हातावेगळं करायचं होतं.

फायरवॉल क्लाउडवर बसून वेबसाइटवर येणाऱ्यांची रीत शिकायची आणि रीत सोडून वागणाऱ्याला दारातच अडवायची. वेबसाइट तैवानमधल्या ताइनान शहरातल्या एका सेवामंडळाची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी रोज सकाळी फोनवर ‘मी ठीक आहे’ दाबायचं. ज्याचं आलं नाही, त्याच्या दारात मंडळाचं माणूस हजर. सर्व्हरने नीट वागावं म्हणून तिकडे त्यावर शकुनाचं ठेवतात ते खाऊचं हिरवं पाकीट पेइ-जुंगने, सर्व्हरच जवळ नसल्यामुळे, राउटरवर ठेवलं. मुदत तपासून; शिळ्या पाकिटाचा गुण येत नाही म्हणतात.

सुट्टी संपली. म्हातारे परतले आणि व्यायाम आटोपून बागेतल्या वायफायवरून एकदमच दाबू लागले. तेही पुन्हा पुन्हा, पोचलं की नाही कोण जाणे म्हणून. फायरवॉलने ठरवलं, हा हल्ला. सगळे बाहेर.

मंडळाच्या लिनताईंचा फोन आला. “अगं, तुझ्या यंत्राने आमची अख्खी बाग चोर ठरवली! घरोघर पळून पाय मोडले माझे. सगळे ठणठणीत. वर मलाच विचारतात, तू ठीक आहेस ना?”

पेइ-जुंगने बाळाला मांडीवर घेऊन नोंदी उघडल्या. फायरवॉलच्या मते सज्जन माणूस एकच, ल्याव आजोबा. सणाच्या दिवशीसुद्धा हजेरी, रोज त्याच सेकंदाला. बाळाचा श्वास ती सारखी बघत असायची. तोही इतका नेमका नव्हता.

“ताई, ल्याव आजोबांकडे जा.”

“तेच तर एकटे ठीक आहेत!”

“म्हणूनच जा. आत्ता.”

कॅनडातल्या मुलाने, बाबांना रोज त्रास नको म्हणून, फोन आपोआप दाबेल अशी सोय करून ठेवली होती. आजोबा आदल्या संध्याकाळपासून न्हाणीघरात पडून होते. मांडीचं हाड मोडलेलं, आवाज शाबूत. “इतका उशीर?” ते लिनताईंवर खेकसले. स्वयंपाकघरातला फोन तेवढा ठीक होता.

पेइ-जुंगने फायरवॉलला पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसवलं. तुमच्याकडे पेइ-जुंगचं मागणं एवढंच: रोज सकाळी न चुकता ज्यांचा ‘सुप्रभात’ येतो, त्यांच्या दारावर आज एकदा टकटक करून या.